१८ टक्के गेले, हप्ता तिथेच : इंदूरच्या एका घराचा आरोग्य विमा

१२ नोव्हेंबर २०२५ ला सकाळी नऊच्या आत काकांचा फोन आला. "जीएसटी माफ झालाय ना? मग हा कागद कसला आलाय?" कागद रिन्युअलच्या नोटिशीचा होता. तो मी पाठवलेला नव्हता, कंपनीकडून आपोआप गेला होता, पण एजंट मी, म्हणून बोलणी मला. गेल्या वर्षी त्यांनी ३३,०४० रुपये भरले होते. यंदा मागितले होते ३४,८००. सगळ्या पेपरांनी मोठ्या अक्षरात छापलं होतं की २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर कर नाही. काका दवा बाजारात एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब सांभाळतात. बेरीज-वजाबाकीत त्यांना फसवणं सोपं नाही.

संध्याकाळी लोकमान्य नगरात त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पोहे केले होते, वर शेव आणि जीरावन. इंदूरच्या मराठी घरात विम्याचं भांडणसुद्धा पोह्यांशिवाय होत नाही. त्या दिवसापासून पुढच्या दोन आठवड्यांत जे घडलं, आणि त्याआधी फेब्रुवारीत जे घडलं होतं, ते इथे मांडतो आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत आणि मूळ हप्ते शेकड्यात गोल केलेत. मी कमिशनवर जगतो, हेही वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

घर

काका ५६, काकू ५३, मुलगी २३, आणि काकांची आई, आजी, ७६. घरात वर्षाला साधारण ९ लाख येतात : काकांचा पगार आणि काकूंच्या शिकवण्या.

या घराला कोण मदत करतं? ईएसआय, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची, पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, २०१७ पासून तिथेच. काका तिच्या कधीच वर गेले. आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतल्या वंचित कुटुंबांसाठी, त्यात हे घर नाही. सरकारी नोकरी नाही, मालकाकडे गट विमा नाही. राहिली आयकराची ८०डी, म्हणजे हप्त्यावरची करसवलत. पण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, आणि नव्या पद्धतीत ८०डी मिळतच नाही. कर वाचला याचा काकांना आनंद आहे, तो असावाच. मात्र हप्त्यावर मिळणारी शेवटची सूटही त्याबरोबर गेली. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ च्या अहवालात अशा लोकांना 'मिसिंग मिडल' म्हटलं, मधले हरवलेले. देशातली किमान ३० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ४० कोटी माणसं, आरोग्यासाठी कुठल्याही आर्थिक संरक्षणाविना आहेत असं त्यात आहे. काका त्यातले नाहीत, कारण ते स्वतःच्या खिशातून भरतात. ते बाहेर पडले की त्या आकड्यात एका घराची भर.

घरात पॉलिसी दोन. पहिली तिघांची फ्लोटर, म्हणजे तिघांत मिळून एकच विमा रक्कम, ५ लाख, नोव्हेंबर २०१८ पासून. दुसरी आजींची ज्येष्ठ नागरिक पॉलिसी, तीही ५ लाखांची, २० टक्के को-पे असलेली, म्हणजे बिलाचा तेवढा वाटा आपण भरायचा. दोन्हींची तारीख मी २६ नोव्हेंबरला आणून ठेवली आहे, म्हणजे वर्षातून एकदाच ओरडा खावा लागतो.

वहीत मांडलेला हिशेब

काकांनी वही पुढे केली. फ्लोटरचा २०२४ चा मूळ हप्ता २८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५,०४०. २०२५ चा मूळ हप्ता ३४,८००, जीएसटी शून्य. म्हणजे कर गेला ५,०४० आणि मूळ हप्ता वाढला ६,८००. घराला १,७६० रुपये जास्त.

वाढीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. काकांना ऑगस्टमध्ये ५६ पूर्ण झाली. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो आणि या कंपनीच्या तक्त्यात ५६ ते ६० हा वेगळा टप्पा आहे. जुन्याच दरांनी तो टप्पा ३२,२०० चा होता, म्हणजे ४,२०० नुसते वाढदिवसाचे. उरलेले २,६०० त्याच वर्षी कंपनीने दर आठेक टक्क्यांनी वाढवले त्याचे.

"आणि करमाफीचा काहीच संबंध नाही?" काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं. संबंध आहे. पूर्वी कंपनी आमच्याकडून जीएसटी घ्यायची, आणि तिने स्वतः जागेच्या भाड्यावर, सॉफ्टवेअरवर, टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) फीवर, एजंटांच्या कमिशनवर भरलेला जीएसटी त्यातून वळता करायची. ३ सप्टेंबरच्या जीएसटी परिषदेत हप्ता करमुक्त झाला, पण ही वळती बंद झाली. तो कर आता कंपनीचा खर्च आहे. तो भरून काढायच्या वाटा थोड्याच : हप्ता वाढवा, नफा सोडा, नाहीतर दुसऱ्याच्या खिशात हात घाला. बऱ्याच कंपन्यांनी तिसरी वाट धरली. कमिशन आता जीएसटीसकट धरा, असं वितरकांना कळवण्यात आलं. जिथे १०० रुपये मिळायचे तिथे ८४ रुपये ७५ पैसे. त्या संध्याकाळी पोहे खाताना काकांच्या पॉलिसीवर माझीही कमाई घटली होती. ते ऐकून काकूंनी आणखी एक चमचा शेव घातली. सहानुभूती म्हणायची.

काकांच्या २,६०० पैकी किती या वळतीपायी आणि किती हॉस्पिटलांची बिलं वाढल्यापायी, हे नोटिशीवर लिहिलेलं नसतं. ते लिहायला लावणारा नियम आला तर मी त्याला करमाफीपेक्षा मोठी सुधारणा म्हणेन.

आजींचं चित्र मात्र उलटं निघालं. २०२४ ला मूळ ३८,००० आणि जीएसटी ६,८४० मिळून ४४,८४०. यंदा ४१,८००. कंपनीने मूळ हप्ता बरोब्बर १० टक्के वाढवला होता, त्याहून एक रुपया जास्त नाही. याचं कारण ३० जानेवारी २०२५ चा विमा नियामक इर्डाचा आदेश : साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी इर्डाशी बोला. कंपनी बोलायला गेली नाही, १० वर थांबली. करमाफी आजींपर्यंत पोचली, कारण वरून झाकण होतं. काकांच्या वयाला झाकण नाही.

दोन्ही मिळून गेल्या वर्षी ७७,८८०, यंदा ७६,६००. घराची बचत १,२८० रुपये. कर तसाच राहिला असता तर ९०,३८८ भरावे लागले असते, म्हणून करमाफी फुकट गेली असं मी म्हणणार नाही. पण करमाफी एकदाच होते. वय दरवर्षी वाढतं.

टेक्सासचा फोन

काकांचा धाकटा भाऊ टेक्सासात असतो, बावन्न वर्षांचा, स्वतंत्र सल्लागार, नवरा-बायको दोघंच. भाऊबीजेच्या फोनवर दोघा भावांनी एकमेकांना विम्याचे हप्ते वाचून दाखवले होते म्हणे. तिकडच्या २०१० च्या कायद्याने काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत : जुना आजार आहे म्हणून नकार देता येत नाही, आणि प्रौढांमध्ये वयामुळे हप्ता तिपटीपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आपल्याकडे यातलं एकही नाही. सरकारी मदत मात्र मुळात दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच होती. २०२१ मध्ये ती वरची रेषा तात्पुरती उठवली आणि ठरलं की मापाला धरलेल्या पॉलिसीचा हप्ता घराच्या उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही, वरचं सरकार भरेल. ३१ डिसेंबर २०२५ ला ती मुदत संपली. २०२६ साठी दोघांच्या घराची रेषा ८४,६०० डॉलर. त्यापुढे गेलात की पूर्ण हप्ता तुमचा.

काकांनी कॅल्क्युलेटर काढला. ७६,६०० भागिले ९ लाख. आलं ८.५ टक्के. "म्हणजे तिकडे जिथे सरकार हात पुढे करायचं, तिथे मी उभा आहे," ते म्हणाले. "फक्त इथे हात पुढे करणारं कोणी नाही."

ही तुलना पुरती बरोबर नाही, त्यांचा हप्ता आपल्यासारखा वर्षाचा नसून महिन्याचा मोजतात आणि हॉस्पिटलचे दर तर विचारूच नका. पण त्या संध्याकाळी खोडून काढावीशी वाटली नाही.

फेब्रुवारीतल्या चार रात्री

हप्त्यावर एवढा खल झाला, पण या घराचा खरा खर्च फेब्रुवारीत झाला होता. दहा तारखेला पहाटे काकांच्या छातीत दुखलं. जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. एक रात्र आयसीयूत आणि तीन खोलीत.

मला बोलावलं गेलं ते दुपारी, टीपीएची क्वेरी आली तेव्हा. दाखल करून घेताना केस पेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं, आठ वर्षांपासून रक्तदाब. २०२५ मधून आठ गेले की २०१७, आणि पॉलिसी २०१८ ची. प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे पॉलिसी घेतानाच्या अर्जात, रक्तदाबाच्या रकान्यात 'नाही'. आजार लपवला, असा सरळ आरोप. तो फॉर्म मी भरला होता. दुकानाच्या काउंटरवर उभं राहून विचारलं होतं, काका काही आजार? ते बिलं मोजता मोजता म्हणाले, छे रे. मी खूण केली. गोळी चालू आहे का, असं विचारायला हवं होतं. लोक गोळीला आजार धरत नाहीत. खरं लिहिलं असतं तर फार तर हप्ता थोडा जास्त लागला असता, चार वर्षं त्या आजाराला थांबावं लागलं असतं, आणि तीही २०२२ लाच संपली असती.

इथे एक नियम कामी आला. पूर्वी पॉलिसी सलग आठ वर्षं चालल्यावरच कंपनीला 'तुम्ही लपवलंत' म्हणता येत नसे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ती मुदत ६० महिन्यांवर आणली. त्यानंतर फसवणूक सिद्ध झाली तरच हरकत. काकांचे ७४ महिने पूर्ण झाले होते. आठ वर्षांचा हिशेब असता तर ९६ लागले असते. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मी ईमेल लिहिला, पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, सगळ्या रिन्युअलच्या पावत्या, नियमाचा उल्लेख. वकिली भाषा टाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅशलेस, म्हणजे कंपनीने हॉस्पिटलला थेट पैसे देणं, मंजूर झालं. नसतं झालं तर कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर वाट आणि मग भोपाळचं विमा लोकपाल कार्यालय. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण स्टेंट घातलेल्या माणसाच्या घरच्यांना महिनाभर थांबा म्हणणं सोपं नाही.

मंजुरीच्या आनंदात दुसरी गोष्ट माझ्या डोळ्यांखालून गेली. काकूंनी खोली घेतली होती रोज ८,००० ची. पॉलिसीत खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,०००. घरच्यांना वाटलं, वरचे तीन हजार आपण देऊ, तीन दिवसांचे नऊ. सगळ्यांना तसंच वाटतं. पण खोली महाग घेतली की डॉक्टरांची फी, कॅथलॅब, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, कारण हॉस्पिटल या सेवांचे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे लावतं. पाच भागिले आठ, ६२.५ टक्के. औषधं, तपासण्या, स्टेंट आणि आयसीयू यांना ही कात्री लागत नाही, हा २०२० चा नियम.

बिल झालं २,८४,०००. आयसीयूचे ९,५०० पूर्ण मिळाले. खोलीच्या २४,००० पैकी १५,०००. डॉक्टर, कॅथलॅब, नर्सिंग मिळून १,०४,००० होते, त्यातले ६५,०००. औषधं, तपासण्या आणि स्टेंट १,३६,५०० पूर्ण. हातमोजे-फायलींसारख्या न मिळणाऱ्या वस्तू १०,०००. कंपनीने दिले २,२६,०००, काकांनी ५८,०००. त्यातले ४८,००० निव्वळ खोलीपायी.

४८,००० भागिले ५,०४०. फ्लोटरवरचा साडेनऊ वर्षांचा जीएसटी तीन रात्रींत गेला. हा भागाकार मी नोव्हेंबरमध्ये केला, काकांच्या वहीत. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

बिलातला स्टेंट मात्र वाजवी भावाचा होता. फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटची कमाल किंमत सरकार ठरवतं, आयुष्मानवाला असो की रोखीने भरणारा, सगळ्यांना. मधल्या माणसाला पोचणारी सुधारणा असावी तर अशी. बाकी बिलाला ती नाही.

डिस्चार्जचंही सांगतो. मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची. ती दिली, सव्वादोन तासांत. पण हे घड्याळ हॉस्पिटलने कागद पाठवल्यावर सुरू होतं, आणि बिलिंगच्या खिडकीने ते पाठवायला दुपार केली. काका सकाळी अकरापासून कपडे घालून पलंगावर बसले होते.

मग काय केलं

पॉलिसी बदलून टाकू, हा काकांचा पहिला विचार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी चाचपून पाहिलं होतं, कारण पोर्ट करायचं, म्हणजे जुनी वर्षं न गमावता कंपनी बदलायची, तर ४५ दिवस आधी अर्ज लागतो आणि नोटीस हातात येईपर्यंत ती वेळ गेलेली असते. दुसऱ्या कंपनीने आठ महिन्यांपूर्वीचा स्टेंट पाहून नम्रपणे नकार दिला. वयाची ६५ ची अट २०२४ मध्ये गेली, कोणत्याही वयाला पॉलिसी विकता येते. विकायलाच हवी, असं मात्र नियमात नाही. आहे त्या कंपनीला तुमचं रिन्युअल नाकारता येत नाही, एवढाच भरवसा, आणि तो सोडायचा नाही असं ठरलं.

मुलीला फ्लोटरमधून बाहेर काढलं. बापाच्या वयाचा टप्पा तिच्या डोक्यावर कशाला? तिला सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे, तिथला गट विमाही आहे, पण तो नोकरी असेपर्यंत. तिच्या नावावर ५ लाखांची, खोलीभाड्याची अट नसलेली स्वतंत्र पॉलिसी घेतली, ७,६०० रुपये. काका-काकूंचा फ्लोटर ३१,९०० वर आला. दोन्ही मिळून ३९,५००, म्हणजे यंदा आणखी ४,७०० जास्त. तेविसाव्या वर्षी घेतलेली पॉलिसी तिला तिच्या छप्पन्नाव्या वर्षी उपयोगी पडेल, हे माझं म्हणणं काकूंना लगेच पटलं. काकांना नाही, पण सही त्यांनीच केली.

सगळ्यात लांबलं ते आजींचं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाख, जुन्या आजारांना थांबणं नाही, को-पे नाही. खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. मग ४१,८०० कशाला भरायचे? आजींचं मत पक्कं होतं. "माझ्यासाठी एवढे घालवू नका. कार्डावर जिथे घेतील तिथे न्या." काका गप्प. फेब्रुवारीत ज्या हॉस्पिटलात काकांना नेलं ते कार्डाच्या यादीत नव्हतं, आणि रात्री दोन वाजता यादी कोण बघतो, हे त्यांच्या मनात असावं.

मला विचारलं. पॉलिसी चालू राहिली तर कमिशन मला, हे आधी सांगितलं आणि मग म्हणालो, मी असतो तर ही बंद केली असती आणि ते ४१,८०० दरवर्षी बाजूला टाकले असते. एकदा बंद केली की ७६ व्या वर्षी परत मिळणं अवघड, हेही सांगितलं. काकांनी एक वर्ष आणखी भरले. कार्डही आधार दाखवून काढून आणलं, ते आजींनी देवघरात ठेवलंय. फ्रिजवर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी आहे : खोली पाच हजारांचीच. खाली यादीतल्या तीन हॉस्पिटलांची नावं.

२५ तारखेला पैसे भरले. निघताना काकांनी दारात अडवलं. "साठीनंतर दहा टक्क्यांचं झाकण, सत्तरीला कार्ड. बरोबर?"

बरोबर, म्हटलं.

"म्हणजे झाकणाला चार वर्षं, कार्डाला चौदा." ते काकूंकडे वळले. "तोवर मला जपून वापर."